वय झालं की मोतीबिंदू होतोच, पण उन्हाचं आणि धुराचं काय?

मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ब्लू लाइटच्या, म्हणजे स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवरून मोठीच चर्चा पेटली होती. कोणाच्या तरी मुलाला चष्म्याच्या दुकानात सांगितलं की लॅपटॉपवर काम करता ना, मग ब्लू कट काचा घ्या, नाहीतर पुढे डोळ्याचा पडदा खराब होतो, मग कोणी म्हणे मोतीबिंदू होतो, कोणी म्हणे नजरच जाते, आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या सोसायटीने काचा बदलायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर एका काकूंनी त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं टाकलं, तर सगळ्यांचं एकच, छान झालं, वय झालं की होतंच ते. म्हणजे बघा, जे अजून झालंच नाही त्याला मोबाइल जबाबदार आणि जे झालंय त्याला वय. त्या आजींनी मधली साठ वर्षं कुठल्या उन्हात आणि कुठल्या धुरात काढली हे कोणी विचारलं नाही.

मला ते खटकलं, कारण त्याच्या थोडं आधी आमच्या आत्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटले होते. मी डॉक्टर नाही, वाचलेलं सांगतेय, डोळ्याला काही वाटलं तर डॉक्टरकडेच जा, एवढं सांगून पुढे जाते.

आत्या कोल्हापूरकडची, ऊस आणि भातवाली. लग्न होऊन आली तेव्हापासून सत्तरी येईपर्यंत शेतात जात होती, भांगलण, रोप लावण, उसाचा पाला काढणं सगळं, आणि उन्हापासून आडोसा म्हणजे डोक्यावरचा पदर, बास. घरी आली की चूल. जळण म्हणजे शेणी, चिपाडं, पावसाळ्यात ओली लाकडं, मग ती पेटेपर्यंत फुंकणी घेऊन चुलीच्या तोंडाशी वाकून बसायचं, डोळ्यातून पाणी वाहतंय आणि बाई फुंकतेय. सकाळ-संध्याकाळ दाताला मशेरी. डॉक्टर म्हणाले, आजी, दोन्ही डोळ्यांत आहे, एक चांगलाच पिकलाय, वय झालं की व्हायचंच. तर आत्या मला बाहेर आल्यावर म्हणते, "वय तर तुझ्या मामांचंबी झालंय की गं, त्येंस्नी का न्हाई?"

मामा म्हणजे तिचे यजमान, तिच्यापेक्षा मोठे, पण सगळी नोकरी विकास सोसायटीत टेबलामागे गेली. अजून पेपर वाचतात, बारीक अक्षरसुद्धा. आता एका नवरा-बायकोवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, मामांना उद्या मोतीबिंदू होऊ शकतो, पण प्रश्न बरोबर होता.

आधी डोळ्याच्या आत काय चालतं ते थोडक्यात. बाहुलीच्या मागे जे भिंग असतं त्याचा मधला भाग आपण आईच्या पोटात असतानाच तयार होतो, आणि त्यातली प्रथिनं आयुष्यभर बदललीच जात नाहीत. कातडी झडते, नवी येते, रक्त नवं बनतं, पण भिंगाच्या गाभ्यात सत्तराव्या वर्षी तीच प्रथिनं असतात जी जन्माच्या वेळी होती. तिथे रक्तवाहिनी नाही, दुरुस्तीची सोय जवळपास नाही. मग गच्चीवर वर्षानुवर्षं उन्हात टाकलेली प्लॅस्टिकची खुर्ची कशी पिवळी पडून कडक होते, तसंच काहीसं होतं, प्रथिनं ऑक्सिडाइज होतात, म्हणजे गंजल्यासारखी बिघडतात, एकमेकांना चिकटतात, भिंग गढूळ होतं. म्हणजे वय हा घटक आहेच, तो कोणी नाकारत नाही, फक्त त्या वर्षांमध्ये भिंगाला काय काय सोसावं लागलं यावर ते पन्नाशीत गढूळ होणार की ऐंशीत हे बरंचसं ठरतं. आणि आपल्याकडे ते लवकर होतं. १९८२ मध्ये पंजाबमधली एक पाहणी छापून आली होती, तिची अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीशी तुलना केली तर वयाचा हिशोब सारखा करूनही आपल्याकडे मोतीबिंदूचं प्रमाण जवळपास तिप्पट निघालं. पंजाबात वय काही जोरात पळत नाही.

उन्हाबद्दलचा मला सगळ्यात आवडलेला अभ्यास नेपाळमधला आहे. लॅरी ब्रिलियंट नावाचे अमेरिकन डॉक्टर, हे आधी भारतात देवीच्या निर्मूलनाच्या मोहिमेत होते, नंतर डोळ्यांच्या कामाकडे वळले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या १०५ ठिकाणच्या तीस हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली, आणि तीसुद्धा जे जन्मापासून तिथेच राहिलेत अशांचीच. अपेक्षा काय होती, तर जितकं उंच जाल तितकं अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे यूव्ही, उन्हातले न दिसणारे किरण, जास्त, म्हणजे डोंगरातल्या लोकांना मोतीबिंदू जास्त. निघालं उलटंच! उंचावरच्या गावांत कमी होता. का, तर ही गावं दरीत, चहूबाजूंनी डोंगर, सूर्य उगवून डोंगरावर येईपर्यंत उशीर आणि मावळायच्या आधीच पलीकडच्या डोंगराआड. प्रत्यक्ष ऊन किती तास मिळतं ते मोजलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं, जिथे दिवसाचे सरासरी बारा तास ऊन तिथे सात तासवाल्या गावांच्या ३.८ पट मोतीबिंदू. १९८३ चा अभ्यास आहे हा. मला यातली गंमत ही वाटते की डोंगर हीच त्या लोकांची टोपी झाली, आणि तराईतल्या, म्हणजे नेपाळच्या सखल पट्ट्यातल्या, सपाट शेतात राबणाऱ्यांना ती नव्हती.

अर्थात यावर कोणीही म्हणेल की तराईत गरिबी वेगळी, खाणं वेगळं, आजार वेगळे, उन्हाचंच कशावरून. बरोबर आहे. म्हणून मग १९८८ चा अमेरिकेतला अभ्यास महत्त्वाचा ठरतो. मेरीलँडमध्ये चेसापीक नावाची खाडी आहे, तिथे खेकडे आणि कालवं काढणारे मच्छीमार, ८३८ जण. ह्यू टेलर, शीला वेस्ट वगैरे संशोधकांनी यातल्या प्रत्येकाचा आयुष्यभराचा उन्हाचा हिशोब काढला, कुठल्या वयात कुठलं काम, किती तास पाण्यावर, टोपी घालायचा का, चष्मा होता का, सगळं. सगळे एकाच भागातले, एकाच धंद्यातले, त्यामुळे गरीब-श्रीमंत वगैरे फरक बरेच गळून पडतात. तर यूव्ही-बी, म्हणजे यूव्हीमधल्याच एका प्रकारच्या किरणांचा एकूण डोस दुप्पट झाला की कॉर्टिकल नावाच्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट, आणि सगळ्यात जास्त डोसवाल्या गटाचा धोका सगळ्यात कमीवाल्यांच्या ३.३ पट.

इथे एक बारकावा आहे तो सांगायलाच हवा कारण बातम्यांमध्ये तो नेहमी गाळला जातो. मोतीबिंदू एकाच प्रकारचा नसतो. भिंगाच्या कडेच्या थरात होतो तो कॉर्टिकल, गाभ्यात होतो तो न्यूक्लिअर, आणि मागच्या पापुद्र्याला लागून होतो तो तिसरा, त्याचं नाव लांबलचक आहे, सोडा. चेसापीकच्या मच्छीमारांत उन्हाचा संबंध फक्त कॉर्टिकलशी लागला, न्यूक्लिअरशी नाही. त्यामुळे "उन्हाने मोतीबिंदू होतो" हे सरसकट वाक्य तसं ढोबळच, उन्हाने एका प्रकारचा होतो, आणि दुसऱ्यासाठी वेगळे गुन्हेगार आहेत, त्यांच्याकडे येतेच.

पण त्याआधी उन्हाच्या वेळेबद्दल. आपल्याला लहानपणापासून एकच माहीत, बारा ते तीन बाहेर जाऊ नका. कातडीसाठी, उष्माघातासाठी ते ठीकच आहे. पण जपानमध्ये कानाझावा इथे संशोधकांनी दुकानात कपडे घालून ठेवतात तसल्या पुतळ्याच्या डोळ्यात सेन्सर बसवून दिवसभर मोजलं, तर सप्टेंबरमध्ये डोळ्यात जाणारं यूव्ही-बी भर दुपारी जास्त नव्हतंच, ते सकाळी आठ ते दहा आणि दुपारी दोन ते चारच्या आसपास जास्त होतं. कारण साधं आहे, सूर्य डोक्यावर असतो तेव्हा कपाळ, भुवई, पापणी यांची सावली डोळ्यावर पडते, सूर्य तिरपा झाला की किरण थेट समोरून आत. आता सांगा, आमची आत्या शेतात कधी असायची? सकाळी आठला जायची, दुपारी भाकरी खाऊन जरा सावलीला, आणि परत तीनला. शहाण्यासारखी भर उन्हात सावली धरायची आणि डोळ्यांसाठी जी वेळ वाईट त्याच वेळी रानात. आणि पदर डोक्यावर असतो, डोळ्यावर नसतो.

तिरप्या किरणांची अजून एक भानगड आहे. मिनास कोरोनिओ नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवलं की बाजूने, म्हणजे कानाच्या दिशेने येणारा प्रकाश बुबुळाच्या गोलाईमुळे वळतो आणि नाकाकडच्या कडेला एकवटतो, तिथे तो साधारण वीस पटीने तीव्र होऊ शकतो. शेतकऱ्यांच्या, मच्छीमारांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने जे मांस वाढत येतं, ज्याला वडस म्हणतात, ते नेमकं त्याच जागी का वाढतं याचं उत्तर यात मिळतं. कोकणात, मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलात तर जुन्या मच्छीमारांचे डोळे जरा लक्ष देऊन बघा, हे दिसेल. त्यामुळे पुढे गॉगल आणि बाजू मोकळ्या, असला फॅशनचा गॉगल म्हणजे अर्धं दार लावून ठेवणं.

बरं, आता धूर.

कर्क स्मिथ हे नाव चुलीच्या धुराबद्दल वाचताना सारखं समोर येतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक, २०२० मध्ये गेले, भारतातल्या खेड्यांमधल्या घरातली हवा मोजायला त्यांनी ऐंशीच्या दशकातच सुरुवात केली होती, तेव्हा प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी असाच समज होता. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची आकडेवारी घेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लाकूड-शेणी जाळणाऱ्या घरांमध्ये अंधत्वाचं प्रमाण जास्त आहे. ती माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली, डॉक्टरने डोळे तपासलेले नव्हते, म्हणून पुढे नेपाळ-भारत सीमेवरच्या एका हॉस्पिटलात नीट अभ्यास केला, फक्त बायकांचा, वय ३५ ते ७५, तो २००५ मध्ये छापून आला. गॅस, बायोगॅस किंवा रॉकेल वापरणाऱ्या बायकांच्या तुलनेत बिनधुराड्याच्या चुलीवर स्वयंपाक करणाऱ्यांना मोतीबिंदूचा धोका १.९ पट. आणि धुराडं असलेल्या चुलीवाल्यांना? १.२३ पट, म्हणजे फार काही नाही. हा आकडा वाचून मी थांबलेच जरा. जळण तेच, चूल तीच, फरक एका पाइपचा.

धूर डोळ्याला बाहेरून झोंबतो म्हणून मोतीबिंदू होतो असं मला आधी वाटायचं, बहुतेकांना वाटतं. पण मुख्य रस्ता छातीतून असावा असं मानतात. धूर फुप्फुसात जातो, त्यातली रसायनं रक्तात उतरतात आणि तिथून भिंगापर्यंत पोचतात. लाकडाच्या धुरात नॅप्थलीन असतं, हो तेच, कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांमधलं, आणि प्रयोगशाळेत उंदरा-सशांना मोतीबिंदू करायचा असेल तर शास्त्रज्ञ जी रसायनं देतात त्यात नॅप्थलीन आहे. मग ओल्या लाकडाचा धूर पन्नास वर्षं छातीत घेणाऱ्या बाईबद्दल वेगळं काय सांगायचं.

आणि इथे अजून एक धागा येऊन मिळतो. डोळ्याच्या आतल्या पाण्यात क जीवनसत्त्व रक्तापेक्षा साधारण वीस पट असतं, ते काही उगाच नाही, भिंगाला ऑक्सिडेशनपासून वाचवायला ते उपयोगी पडतं. गुडगाव आणि पुद्दुचेरीच्या बाजूला साठीच्या पुढच्या लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात रक्तातलं क जीवनसत्त्व तपासलं तर उत्तरेत जवळपास ७४ टक्के आणि दक्षिणेत ४६ टक्के लोकांमध्ये कमतरता. चारातले तीन! आपण लिंबू-आवळ्याच्या देशातले ना? त्यातही कोणात जास्त कमतरता, तर तंबाखूवाले आणि लाकूड-शेणीवर स्वयंपाक करणारे. आणि ज्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व जास्त त्यांच्यात मोतीबिंदू कमी. म्हणजे धुराने नुसता मार बसतो असं नाही, मार सोसायची ताकदही तोच खाऊन टाकतो असं दिसतं. पण म्हणून कोणी धावत जाऊन गोळ्या आणू नका. अमेरिकेत चांगलं खाणाऱ्या-पिणाऱ्या लोकांना वर्षानुवर्षं क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन बघितलं, मोतीबिंदूत काही फरक पडला नाही. जिथे मुळात कमतरता आहे तिथली गोष्ट वेगळी, आणि तिथे ताटात पेरू, लिंबू, भाजी येणं महत्त्वाचं.

तंबाखूवर फार लिहीत नाही, लिहून कोणी सोडत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांचाच अभ्यास झाला होता, दिवसाला वीस किंवा जास्त सिगरेटी ओढणाऱ्यांना मोतीबिंदूचा धोका न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट, आणि तो गाभ्यातला, न्यूक्लिअर, तसाच मागच्या पापुद्र्याला लागून होणाराही. तंबाखूतला कॅडमियम नावाचा धातू भिंगात साठतो हेही सापडलंय. पण आपल्याकडे प्रश्न सिगरेटीपुरता कुठे आहे, मशेरी, गायछाप, मावा. चेन्नईजवळच्या ग्रामीण भागातला २००६ चा अभ्यास आहे, त्यात धूर न काढता खाल्ल्या जाणाऱ्या तंबाखूचाही मोतीबिंदूशी संबंध निघाला, आणि चांगलाच ठळक. आत्याला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मशेरी काय डोळ्याला लावत्यात व्हय?" उत्तर द्यायच्या आत डबी बंद करून कमरेला लावली पण.

एक जुनी गोष्ट आठवली म्हणून सांगते, विदर्भातल्या लोकांना जवळची वाटेल. १९८४ मध्ये रायपूरकडचा एक अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, की ज्यांना आयुष्यात कधी जबरदस्त हगवण किंवा उष्माघात होऊन शरीरातलं पाणी पार आटलं त्यांना पुढे मोतीबिंदूचा धोका कितीतरी पट. खूप गाजला होता तो, आणि पटण्यासारखाही आहे, नागपूर-चंद्रपूरचा मे महिना काढलेल्या कोणालाही पटेल. पण नंतर दुसऱ्यांनी तेच तपासायचा प्रयत्न केला तेव्हा तसा संबंध नीट सापडला नाही. म्हणून मी हे "कदाचित"च्या खणात ठेवते. लिहिते एवढ्यासाठी की व्हॉट्सॅपवर असले अभ्यास पहिला भाग घेऊन फिरतात, दुसरा भाग कधीच येत नाही.

आता पडदा. वयानुसार पडद्याच्या मध्यभागाची झीज होते, समोरचं पुसट दिसतं, सरळ रेघ वाकडी दिसते, इंग्रजीत त्याला एएमडी म्हणतात. याचं ऑपरेशन करून लेन्स टाकली की झालं असं नसतं, गेलेलं बहुतेक परत येत नाही, म्हणून हा जास्त वाईट. यात बाहेरच्या कारणांमध्ये पहिला नंबर धूम्रपानाचा, त्यावर कोणाचं दुमत नाही, न ओढणाऱ्यांच्या दोन ते चार पट धोका असं वेगवेगळ्या देशांत निघालंय. उन्हाचं मात्र इथे घोटाळ्याचं आहे, काही अभ्यासांत संबंध लागतो, काहींत नाही. युरोपात २००८ मध्ये आलेल्या अभ्यासात तो लागला, पण ज्यांच्या रक्तात क जीवनसत्त्वासारखी अँटिऑक्सिडंट्स कमी होती त्यांच्यातच. परत तेच बघा, ऊन एकटं येत नाही, ताटात काय आहे तेही बरोबर येतं.

आणि नवीन जे बाहेर येतंय ते शहरी लोकांसाठी आहे, आपल्यासाठी. तैवानमध्ये पन्नाशीच्या पुढच्या जवळपास चाळीस हजार लोकांचा हिशोब २०१९ मध्ये छापला, ज्यांच्या भागात नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणजे मुख्यतः गाड्यांचा धूर, सगळ्यात जास्त होता त्यांच्यात एएमडीचा धोका ९१ टक्के जास्त. ब्रिटनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांच्या माहितीवरून २०२१ मध्ये आलं की हवेतले बारीक कण, पीएम २.५, वाढले की एएमडीची शक्यता ८ टक्क्यांनी वाढते. ८ टक्के म्हणजे काही फार नाही असं वाटेल, मलाही वाटलं, पण ब्रिटनची हवा म्हणजे आपल्या दृष्टीने हिल स्टेशन. सिगरेट न ओढता डोळ्याला थोडी सिगरेट मिळतेय असं म्हणायला हरकत नाही. यावर घरबसल्या करण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही, हा महानगरपालिकेचा आणि सरकारचा विषय आहे आणि त्यांच्याकडेच तो राहतो.

मग ब्लू लाइट. २०२३ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे जे लोक सगळे अभ्यास एकत्र करून चाळतात त्यांनी, ब्लू लाइट अडवणाऱ्या चष्म्यांच्या १७ चाचण्या तपासल्या. डोळ्यांवरचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही, आणि पडदा वाचतो हे म्हणायला तर पुरावाच नव्हता. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश बाहेर आकाशातून येणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या पुढे किरकोळ आहे, उन्हात तर सोडाच, सावलीत बसलात तरी. तासन्‌तास स्क्रीनसमोर बसून डोळे चुरचुरतात ते पापण्या कमी लवतात म्हणून, तो त्रास खरा आहे, त्यावर उपाय म्हणजे मधे उठणं. हे मी ग्रुपवर लिहिलं तर एकाने विचारलं की तुमचा काय फायदा यात. असो.

काही धंद्यांचं वेगळं आहे, तेवढं सांगून टाकते. भट्टीसमोर काम करणाऱ्या काच कामगारांना उष्णतेने मोतीबिंदू होतो हे शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत आहे, इतकं की इंग्लंडमध्ये तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नुकसानभरपाईच्या यादीत गेला. आमच्याकडे गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालणारा माणूस हंगामभर रात्रंदिवस त्या तोंडासमोर बसलेला असतो, त्याच्या डोळ्यांवर कधी काही बघितलंय का कोणी? आणि एक्सरे लावून अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर, टेक्निशियन, त्यांच्याही भिंगाला किरणोत्सर्गाचा धोका असतो, म्हणून २०११ मध्ये किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने भिंगासाठीची वर्षाची मर्यादा १५० मिलिसीव्हर्टवरून एकदम २० वर आणली. शिक्षणाने धोका टळतो असं नाही, फक्त शिकलेल्याला शिशाचा चष्मा मिळतो.

मला यात सगळ्यात जास्त बोचतं ते हेच. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय अंधत्व पाहणीत पन्नाशीच्या पुढच्या आंधळ्या झालेल्या लोकांत ६६.२ टक्क्यांचं कारण मोतीबिंदू निघालं, म्हणजे ज्यावर चांगलं, स्वस्त ऑपरेशन आहे तेच. आपण यावर शिबिरं भरवतो, हिरव्या पट्ट्या बांधलेल्या आज्यांचे फोटो काढतो, चांगलंच काम आहे ते, मी नावं ठेवत नाही. पण ऑपरेशनच्या अलीकडचं कोणी बोलत नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरोघरी पोचले हे खरं, आत्याच्या गावात पण आहेत. तरी २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ५८.६ टक्के घरंच स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती. आणि ज्यांच्याकडे सिलिंडर आहे ते चहाला गॅस आणि भाकरीला, अंघोळीच्या पाण्याला चूल असं करतात, कारण दुसरा सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि जळण बांधावर फुकट पडलेलं असतं. आत्या मात्र पैशाचं कारण सांगत नाही, ती म्हणते चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला न्हाई. आता यावर वाद घालून कोणी जिंकलंय का? आम्ही शेवटी भाऊबीजेच्या आसपास गवंडी बोलावून चुलीवर धुराडं बसवून घेतलं, छपराच्या वर निघेल इतकं उंच. चूल तिचीच, भाकरी तिचीच.

बाकी करण्यासारखं फार महाग नाही. रुंद कडेची टोपी घातली की डोळ्यात जाणारं यूव्ही साधारण निम्म्यावर येतं, आणि गांधी टोपीला कड नसते, फेट्यालाही नसते, त्यामुळे त्यांचा डोळ्यांना उपयोग नाही. मुलांना मात्र घरात कोंडू नका, हे आवर्जून सांगते, कारण बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचा चष्मा लागायचं प्रमाण कमी असतं, टोपी घालून झाडाखाली खेळली तरी उजेड भरपूर मिळतो. फक्त लहान मुलांच्या भिंगातून यूव्ही जास्त आत जातं म्हणून टोपीची सवय तेव्हाच लावलेली बरी.

गॉगलचं मात्र नीट बघून घ्या. काच काळी आहे म्हणजे यूव्ही अडतं असं अजिबात नाही, काळेपणा वेगळा आणि यूव्हीचं संरक्षण वेगळं. उलट संरक्षण नसलेला काळा गॉगल घातला की अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्तच आत जाऊ शकतात, रस्त्यावरचे शंभर रुपयांचे गॉगल यातले असू शकतात, आणि काही शंभरवाले चांगलेही निघतात, किमतीवरून कळत नाही. यूव्ही ४०० लिहिलेलं असावं, पण लिहिणं काय कोणीही लिहितं, त्यामुळे चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत यूव्ही तपासायचं छोटं यंत्र असतं, त्यावर काच धरून दाखवा म्हणायचं, मिनिटाचं काम आहे. रोजच्या नंबरच्या चष्म्यालाही हेच लागू, पॉलिकार्बोनेटच्या काचा असतील तर साध्या पारदर्शक असूनही यूव्ही अडवतात, मग वेगळा गॉगल नसला तरी चालतं. आणि घालून आरशात बघताना समोरून कसा दिसतो ते बघून झालं की एकदा बाजूने वळून बघा, कानाकडून किती फट राहते.